प्रक्रियेच्या आकृतीवरून वर्कफ्लोचा कोड : सुरुवात चौकटींपासून करावी की थांब्यांपासून?

चौकट-बाण

व्यवसाय-विश्लेषकांनी बीपीएमएनमध्ये (व्यवसायप्रक्रिया चौकटी-बाणांनी दाखवण्याच्या प्रमाणित चित्रभाषेत) काढलेली आकृती हाती येते आणि ‘आता एवढे फक्त कोडमध्ये उतरवायचे आहे’ असे सांगितले जाते. त्या ‘फक्त’मध्ये किती काम दडलेले असते, याची येथील जाणकारांशी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

चर्चेसाठी एक काल्पनिक, पण नेहमीच्या धाटणीची प्रक्रिया घेऊ. एखादा विभाग खरेदीची मागणी नोंदवतो. तेथून समांतर गेटवेने (वाटा फोडणाऱ्या किंवा जोडणाऱ्या, हिऱ्याच्या आकाराच्या खुणेने) दोन वाटा फुटतात. एका वाटेवर लेखा विभाग अंदाजपत्रकात तरतूद आहे का ते पाहतो आणि दुसऱ्या वाटेवर पुरवठादाराची पडताळणी होते. दोन्ही वाटा पुन्हा समांतर गेटवेवर एकत्र येतात आणि मागणी व्यवस्थापकाकडे जाते. व्यवस्थापक ती मंजूर करतो, नामंजूर करतो किंवा पुरवठादाराविषयी शंका असल्यास परत पाठवतो; हा परतीचा बाण थेट ‘पुरवठादार पडताळणी’ या चौकटीत शिरतो. मंजुरीच्या चौकटीच्या कडेवर ७ दिवसांचा टायमर आहे आणि तो वाजल्यावर वरिष्ठांना स्मरणपत्र जाते. मंजुरी मिळाली की पुरवठादाराला खरेदी आदेश पाठवला जातो आणि त्याच्या स्वीकृतीची पुन्हा ७ दिवस वाट पाहिली जाते. ती आली नाही, तर आदेश रद्द होतो.

बहुतेकांना पहिल्यांदा सुचते ते असे, की प्रत्येक चौकटीचे एक फंक्शन करावे, प्रत्येक हिऱ्याची, म्हणजे गेटवेची, एक अट करावी आणि बाणांच्या क्रमाने फंक्शने बोलवावीत. प्रात्यक्षिक दाखवण्यापुरते हे चालते. माझे मत असे आहे की ही सुरुवातच उलट्या टोकाने होते. चौकटीच्या आतले काम कोणताही प्रोग्रामर कसेही लिहील. खरा प्रश्न प्रक्रिया जेथे थांबते तेथे उभा राहतो, कारण त्या ठिकाणी ती बाहेरच्या कोणाची तरी तासन्‌तास किंवा महिनोन्‌महिने वाट पाहत असते. मधल्या काळात सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, कोडची नवी आवृत्ती येते, आणि ज्याची वाट पाहिली ते उत्तर दोनदा येते, उशिरा येते किंवा येतच नाही. म्हणून मी आधी आकृतीवर फक्त हे थांबे ठळक करतो. प्रत्येक थांब्यापाशी कोणती माहिती जपून ठेवायची, तिथून पुढे जाण्याचा अधिकार कोणाच्या उत्तराला आहे आणि उत्तर कोणत्या मागणीचे आहे हे कशावरून ओळखायचे, हे लिहून काढतो. चौकटी त्यानंतर.

ही पद्धत कोठे कमी पडते, आणि आकृती थेट इंजिनावर (आकृतीची फाइल वाचून प्रक्रिया चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवणे, आकृतीवरून कोड निर्माण करणे किंवा कोड हाताने लिहिणे या तीन मार्गांतून निवड कशी करावी, यावर आपली मते वाचायला आवडतील.

बिंदुरेषा

धाग्याचा विषय जुना आहे आणि त्याचा इतिहास माहीत असल्यास बऱ्याच चुका टळतात, म्हणून थोडे मागे जातो.

बीपीएमएनची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली, तेव्हा ती केवळ आकृती काढण्याची पद्धत होती. चालवण्यासाठी बीपेल ही वेगळी, एक्सएमएलमध्ये लिहायची भाषा होती. आयबीएमची डब्ल्यूएसएफएल आणि मायक्रोसॉफ्टची एक्सलँग यांच्या मिश्रणातून ती २००२ मध्ये पुढे आली आणि २००७ मध्ये ओअॅसिस या प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने तिची २.० आवृत्ती प्रमाणित केली. विश्लेषकाने बीपीएमएनमध्ये काढावे आणि यंत्राने त्याचे बीपेल करून चालवावे, अशी कल्पना होती. अडचण अशी, की बीपीएमएन हा मुळात आलेख आहे. कोणत्याही चौकटीतून कोणत्याही चौकटीकडे बाण नेता येतो आणि मागेही नेता येतो. बीपेलचा ढाचा मात्र प्रामुख्याने एकात एक बसणाऱ्या ठोकळ्यांचा होता. समांतर कामांमध्ये दुवे जोडण्याची सोय तीत होती, पण त्या दुव्यांनी चक्र तयार करण्यास मनाई होती, आणि पुनरावृत्ती हवी असेल तर नीट बंदिस्त लूपच लिहावा लागे. त्यामुळे मागे जाणारे बाण असलेली साधी दिसणारी आकृतीही बीपेलमध्ये नेताना तिचे रूप इतके पालटे, की विश्लेषकाला ती ओळखू येत नसे, आणि बीपेलमध्ये केलेली दुरुस्ती आकृतीकडे परत नेण्याचा मार्ग तर जवळजवळ नव्हताच.

केवळ एकच वाट चालत असेल, तर कोणताही फ्लोचार्ट क्रम, अट आणि लूप यांत बसवता येतो, हे बोम आणि याकोपिनी यांनी १९६६ मध्येच दाखवले होते. किंमत म्हणून काही जादा चल ठेवावे लागतात. समांतर वाटा आल्या की ही खात्री राहत नाही. चार कामे घ्या. क आणि ख समांतर सुरू होतात, ग हे क नंतर होते, आणि घ हे क व ख दोन्ही झाल्यावर होते. ‘क आणि ख पूर्ण होऊ द्या, मग ग आणि घ’ असे ठोकळ्यांत बसवले, तर ग ला विनाकारण ख साठी थांबावे लागते. समांतरता न गमावता ही आकृती ठोकळ्यांत बसतच नाही. आजच्या भाषांमध्ये प्रॉमिस किंवा फ्युचर (नंतर मिळणाऱ्या उत्तराची जागा धरून ठेवणारी मूल्ये) असल्यामुळे हीच रचना चार ओळींत लिहिता येते, हा हाताने कोड लिहिण्याच्या बाजूचा एक चांगला मुद्दा आहे.

२०११ च्या बीपीएमएन २.० ने बीपेलकडे जाण्याची गरजच संपवली, कारण आकृतीतील प्रत्येक घटक चालताना कसा वागतो हे त्या प्रमाणातच लिहिले गेले आणि आकृती साठवण्याचा एक्सएमएल ढाचाही ठरला. अॅक्टिव्हिटी (Activiti), त्यातून २०१३ मध्ये वेगळे झालेले कामुंडा आणि २०१६ मध्ये वेगळे झालेले फ्लोएबल ही इंजिने याच पायावर उभी आहेत.

टोकनधारी

मूळ धाग्यातील परतीच्या बाणाकडे कोणाचे लक्ष गेले आहे की नाही, ठाऊक नाही. ती आकृती जशी वर्णन केली आहे, तशी इंजिनावर चढवली तर पहिल्याच परतीला प्रक्रिया कायमची अडकेल.

बीपीएमएनचे वर्तन टोकनांच्या भाषेत सांगितले जाते; टोकन म्हणजे प्रक्रिया आत्ता कोठे आहे हे दाखवत बाणांवरून पुढे सरकणारी काल्पनिक सोंगटी. समांतर फाट्यावर एका टोकनची दोन होतात आणि समांतर संगमावर प्रत्येक वाटेने एकेक टोकन आल्याशिवाय पुढे काहीच जात नाही. व्यवस्थापकाने मागणी परत पाठवली, की एक टोकन ‘पुरवठादार पडताळणी’त जाते, ते काम पार पडते आणि टोकन संगमावर येऊन उभे राहते. लेखा विभागाच्या वाटेवर मात्र आता कोणीच नाही, कारण तिथले टोकन पहिल्या फेरीतच खर्ची पडले. संगम अनंतकाळ वाट पाहतो. येथे कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. प्रक्रिया ‘चालू’ असल्याचेच पटलावर दिसत राहते. अशा मूक अडकण्याचा शोध बहुधा कोणीतरी तक्रार केल्यावरच लागतो.

याच्या उलट चूकही तितकीच प्रचलित आहे. समांतर वाटा गेटवे न ठेवता सरळ एकाच चौकटीत आणून सोडल्या, तर त्या चौकटीत प्रत्येक टोकन स्वतंत्रपणे शिरते आणि ते काम दोनदा होते. काढणाऱ्याच्या मनात ‘दोन्ही आल्यावर’ असते आणि प्रमाणाचे म्हणणे ‘जो येईल त्याच्यासाठी’ असे असते. ते काम म्हणजे पैसे पाठवणे असेल, तर परिणाम काय होतो हे सांगायला नको.

या चुका डोळ्यांनी शोधण्याची आवश्यकता नाही. कार्ल अॅडम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून निघालेल्या पेट्री जाळ्यांवर (टोकनांची हालचाल गणिताने मांडणाऱ्या आलेखांवर) नव्वदच्या दशकात विल व्हान डेर आल्स्ट यांनी वर्कफ्लोसाठी सुदृढतेची कसोटी मांडली. कोणत्याही अवस्थेतून शेवट गाठता आला पाहिजे, शेवट गाठताना मागे एकही टोकन उरता कामा नये आणि कधीच चालू शकणार नाही असे काम आकृतीत असू नये, एवढीच तिची मागणी आहे. गेटवे आणि कामे पेट्री जाळ्यात रूपांतरित करून ही कसोटी यंत्राकडून तपासून घेता येते. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ही तपासणी करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. धागाकर्त्यांनी थांब्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण संगमही थांबाच आहे आणि तो माणसाची नव्हे, तर दुसऱ्या टोकनची वाट पाहतो, हे त्यांच्या यादीत आले नव्हते.

चौकट-बाण

टोकनधारी, मुद्दा मान्य आहे आणि महत्त्वाचा आहे. तो बाण मी मुद्दाम तसाच ठेवला होता, कारण हाताने कोड लिहिणाऱ्याला तो उतरवताच येत नाही. दोन्ही तपासण्या समांतर सुरू करून ‘दोन्ही संपेपर्यंत थांबा’ असे लिहिले, की त्या रचनेच्या मध्यभागी बाहेरून उडी मारण्याची सोय कोणत्याच भाषेत नाही. अॅमेझॉनच्या स्टेप फंक्शन्स या वर्कफ्लो चालवणाऱ्या सेवेमध्येही समांतर अवस्थेची प्रत्येक शाखा स्वतंत्र आणि बंदिस्त असते. बाहेरच्या अवस्थेतून शाखेच्या आत जाता येत नाही.

म्हणजे येथे प्रोग्रामरला थांबून व्यवसायाकडे एक प्रश्न न्यावा लागतो. पुरवठादाराची पडताळणी पुन्हा होते, तेव्हा आधी दिलेली अंदाजपत्रकाची मंजुरी ग्राह्य धरायची का? पुरवठादार बदलला आणि किंमतही बदलली, तर ती ग्राह्य धरता येणार नाही. केवळ एखादे कागदपत्र अपुरे असेल, तर लेखा विभागाला पुन्हा त्रास देण्याचे कारण नाही. आकृतीतील एका बाणाचे त्यामुळे दोन बाण होतात. रक्कम बदलली असेल तर फाट्याच्या आधी, आणि बदलली नसेल तर संगमानंतर ठेवलेल्या ‘फेरपडताळणी’ या नव्या चौकटीकडे. हा बदल कोडमध्ये गुपचूप न करता आकृतीत व्हावा आणि विश्लेषकाने त्यावर होकार द्यावा, नाहीतर त्या दिवसापासून आकृती आणि कोड यांची फारकत होते.

सरळमार्गी

मला मूळ गृहीतकच पटलेले नाही. इंजिन बीपीएमएनचे एक्सएमएल जसेच्या तसे वाचून चालवत असताना कोडमध्ये उतरवण्याचा खटाटोप कशासाठी? चालू असलेली प्रत्येक मागणी कोणत्या चौकटीत उभी आहे, हे आकृतीवरच दिसते; व्यवस्थापनाला वेगळा अहवाल लागत नाही.

अखंड

सरळमार्गी, आकृतीवर चालू स्थिती दिसणे हा इंजिनाचा खरा लाभ आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु ‘जसेच्या तसे’ या शब्दांना माझी हरकत आहे. बीपीएमएन २.० नेच वर्णनात्मक, विश्लेषणात्मक आणि चालवण्यायोग्य असे वापराचे वेगवेगळे उपसंच मानले आहेत, कारण पहिल्या प्रकारच्या आकृतीत यंत्राला हवी असलेली निम्मी माहिती नसते. हिऱ्यातून निघणाऱ्या बाणावर ‘रक्कम मोठी असल्यास’ असे लिहिलेले असते. यंत्राला चल, तुलना आणि कोणतीच अट जुळली नाही तर घ्यायची वाट लागते. ‘७ दिवस’ हे प्रमाण कालावधीच्या खुणेत ‘पी७डी’ असे लिहिता येते, पण ते दिनदर्शिकेचे ७ दिवस झाले. कामकाजाचे दिवस अभिप्रेत असतील, तर ते कोणाला तरी मोजून द्यावे लागतात.

मग बिघाडांचा भाग येतो. कामुंडाची सातवी आवृत्ती आणि तिच्या कुळातील इंजिने एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंतचे सारे काम एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे नोंदले जाईल किंवा काहीच नाही अशा व्यवहारात) करतात. मध्ये कोठे अपवाद फेकला गेला, की ट्रान्झॅक्शन उलटते आणि प्रक्रिया मागच्या थांब्यावर परत जाते. डेटाबेसमधील नोंदी उलटतात. मधल्या चौकटीने पाठवलेला खरेदी आदेश मात्र परत येत नाही, आणि पुढच्या प्रयत्नात तो दुसऱ्यांदा जातो. त्यावर उपाय म्हणून त्या चौकटीआधी किंवा नंतर जतनबिंदू लावावा लागतो, म्हणजे विश्लेषकाच्या आकृतीत न दिसणारा एक थांबा आपण निर्माण करतो. धागाकर्त्यांच्या पद्धतीला येथे बळकटी मिळते असे मला वाटते, कारण इंजिन वापरले तरी थांबे कोठे आहेत हे कळल्याशिवाय ते सुरक्षितपणे चालवता येत नाही.

मी स्वतः दुसऱ्या मार्गाने काम करतो. उबरमध्ये तयार झालेल्या केडन्समधून निघालेले टेम्पोरल किंवा त्यासारखी व्यासपीठे साध्या भाषेतला कोड टिकाऊ करतात. वर्कफ्लो फंक्शनमध्ये ‘७ दिवस झोप’ असे लिहिले, तर सर्व्हरवरचा थ्रेड अडून राहत नाही. घडलेल्या घटनांचा इतिहास साठवला जातो आणि सर्व्हर पुन्हा उठला की तोच कोड इतिहासासह पहिल्यापासून चालवून जुन्या स्थितीत आणला जातो. त्याची अट कडक आहे. त्या फंक्शनमध्ये घड्याळ थेट वाचणे, यादृच्छिक संख्या घेणे किंवा बाहेरच्या सेवेला हाक मारणे चालत नाही, कारण दुसऱ्यांदा चालताना निराळे उत्तर मिळाले तर इतिहास जुळत नाही. बाहेरची सर्व कामे वेगळ्या ‘अॅक्टिव्हिटी’ (वर्कफ्लोबाहेर चालणारी स्वतंत्र फंक्शने; वरच्या इंजिनाशी संबंध नाही) म्हणून लिहावी लागतात. आकृतीतील सेवा-चौकट म्हणजे अॅक्टिव्हिटी, मानवी चौकट म्हणजे सिग्नलची (चालू वर्कफ्लोला बाहेरून येणाऱ्या संदेशाची) प्रतीक्षा आणि घड्याळाची खूण म्हणजे टायमर, ही जोडी बऱ्यापैकी चपखल बसते. अॅक्टिव्हिटी अपयशी ठरल्यास पुन्हा चालवली जाते, म्हणून खरेदी आदेशासोबत मागणीच्या क्रमांकापासून तयार केलेली एक स्थिर खूण पाठवावी आणि तीच खूण पुन्हा आली तर समोरच्या प्रणालीने नवा आदेश नोंदवू नये. ही काळजी इंजिनातही तेवढीच लागते.

अर्धविराम

कडेवरच्या टायमरविषयी एक शंका आहे. मंजुरीचा टायमर वाजल्यावर मंजुरीचे काम चालू राहते की रद्द होते?

टोकनधारी

ते खुणेच्या रेषेवर अवलंबून असते. दुहेरी वर्तुळ अखंड रेषेचे असेल, तर मूळ काम मोडले जाते आणि टोकन टायमरच्या वाटेने जाते. तुटक रेषेचे असेल, तर मूळ काम तसेच राहते आणि एक जादा टोकन बाहेर पडते. स्मरणपत्रासाठी तुटक रेषा हवी. कोडमध्ये पहिल्या प्रकाराला काम आणि टायमर यांची शर्यत लावून हरलेली बाजू रद्द करावी लागते, तर दुसऱ्या प्रकारात स्मरणपत्राचे काम बाजूला सोडून मंजुरीची वाट पाहत राहावे लागते आणि मंजुरी आधीच मिळाली तर टायमर आठवणीने बंद करावा लागतो. आकृतीत या दोहोंमधला फरक फक्त रेषेचा असल्यामुळे छापील प्रतीत तो अनेकदा दिसतही नाही, म्हणून विश्लेषकाला तोंडी विचारून घ्यावे.

बिंदुरेषा

शर्यतीचा विषय निघालाच आहे, तर स्वीकृतीच्या प्रतीक्षेकडेही पाहावे. घटनाधारित गेटवेवर जी घटना आधी घडेल ती जिंकते आणि बाकीच्या प्रतीक्षा संपतात, एवढे आकृती सांगते. सातव्या दिवशी टायमर जिंकला, आदेश रद्द झाला आणि त्यानंतर काही मिनिटांनी पुरवठादाराची स्वीकृती आली, तर काय करायचे याविषयी ती गप्प असते. कामुंडाच्या सातव्या आवृत्तीत त्या संदेशाची वाट पाहणारे कोणी नसल्यामुळे पाठवणाऱ्याला अपवाद मिळतो. कामुंडा ८ मधील झीबी हे इंजिन संदेश ठरावीक काळ राखून ठेवू शकते. टेम्पोरलमध्ये वर्कफ्लो अजून चालू असेल, तर सिग्नल इतिहासात नोंदला जातो आणि कोडने त्याकडे पाहिले नाही तर तसाच पडून राहतो. एकाच आकृतीचे हे तीन निरनिराळे परिणाम आहेत. उशिरा आलेल्या स्वीकृतीसाठी आकृतीतच एक वाट काढून घ्यावी.

सर्वसमावेशक गेटवेचा (अटी जुळतील तेवढ्या, एक किंवा अनेक, वाटा सुरू करणाऱ्या गेटवेचा) विषय कोणी काढला नाही, पण त्यापासून मी शक्य तेवढा दूर राहतो. त्याच्या संगमाला ‘अजून कोणी येणार आहे का’ हे जाणण्यासाठी आपल्यापर्यंत पोहोचू शकणारे टोकन उर्वरित आकृतीत कोठे उभे आहे का ते पाहावे लागते, म्हणजे त्याचा निर्णय केवळ आपल्या वाटांवर ठरत नाही. कोडमध्ये मात्र हीच गोष्ट सोपी होते. फाट्यावर किती वाटा सुरू केल्या त्याची यादी ठेवावी आणि तेवढ्यांचीच वाट पाहावी. अट एवढीच, की फाटा आणि संगम यांची जोडी नीट जुळलेली असावी.

सरळमार्गी

अखंड यांचे ट्रान्झॅक्शनविषयीचे स्पष्टीकरण उपयुक्त आहे आणि ‘जसेच्या तसे’ हे शब्द मी मागे घेतो. तरीही हाताने लिहिलेल्या कोडविषयी माझी मुख्य तक्रार कायम आहे. सहा महिन्यांनी विश्लेषकाने ‘अमुक मागणी कोठे अडली आहे’ असे विचारले, तर त्याला घटनांचा लांबलचक इतिहास दाखवणार का?

अखंड

तसे दाखवू नये. आकृतीच्या फाइलमध्ये प्रत्येक चौकटीला एक ओळखक्रमांक असतो. कोडमधील प्रत्येक थांब्याला आणि अॅक्टिव्हिटीला तोच द्यावा, आणि थांब्यावर पोहोचताना व तेथून निघताना त्याची नोंद करावी. त्या नोंदींवरून मूळ आकृतीवर चालू स्थिती रंगवता येते. शिवाय झालेल्या प्रवासांच्या नोंदी आकृतीवर टोकनांनी पुन्हा चालवून पाहता येतात, आणि आकृतीत नसलेली वाट कोडने घेतली असेल तर ती लगेच उघडी पडते. आकृतीवरून कोड निर्माण करणारी साधने मी याच कारणाने फक्त सांगाड्यापुरती वापरतो. निर्माण झालेल्या कोडमध्ये हाताने भर घातली आणि आकृती बदलून तो पुन्हा निर्माण केला, की ती भर जाते.

अर्धविराम

चालू प्रक्रियांचे काय होते? समजा स्वीकृतीची मुदत ७ ऐवजी १० दिवस केली आणि त्या क्षणी बऱ्याच मागण्या त्याच थांब्यावर उभ्या आहेत.

अखंड

इंजिनात चालू मागण्या ज्या आवृत्तीवर सुरू झाल्या तिच्यावरच राहतात, म्हणून त्यांचे टायमर ७ दिवसांनीच वाजतील. त्यांना नव्या आवृत्तीवर न्यायचे असेल, तर जुन्या आकृतीतील कोणती चौकट नव्या आकृतीतील कोणत्या चौकटीशी जुळते याचा नकाशा करून स्थलांतर करावे लागते, आणि आधी लावलेल्या टायमरची मुदत तशीच ठेवायची की नव्याने मोजायची हे वेगळे ठरवावे लागते. टेम्पोरलमध्ये थांब्यांचा क्रम बदलला किंवा मध्ये नवे पाऊल घातले, की जुना इतिहास नव्या कोडशी जुळत नाही आणि वर्कफ्लो अडतो. म्हणून बदलाच्या जागी आवृत्तीची खूण टाकून जुनी वाट व नवी वाट दोन्ही कोडमध्ये ठेवाव्या लागतात, आणि जुन्या वाटेवरची शेवटची मागणी संपल्यावरच ती वाट काढून टाकता येते. मुदतीसारखी मूल्ये मागणी सुरू होतानाच तिच्या माहितीत नोंदवून ठेवली, तर निदान त्यांच्या बदलासाठी यांपैकी काहीच करावे लागत नाही. मात्र मागणी नोंदवणाऱ्याला जुनी मुदत लागू होते की नवी, हा निर्णय आधी व्यवसायाकडून लेखी घ्यावा.